वीतभर

“आधी चपला घाला माझ्या पायात,” ती म्हणाली.

“चपला कशाला? चालणार आहेस का तू?” नवऱ्यानं हसून घेतलं. पण हसत का होईना, त्यानं पलंगाखालून त्या ओढून काढल्या, फुंकर मारून धूळ उडवली आणि तिच्या निर्जीव पायांत कोंबल्या. तीन वर्षांनी. तिला तेवढ्यानंच भरून आलं.

पलंग वरच्या मजल्यावर, अंगण खाली आणि मधे गोल लोखंडी जिना. इतका अरुंद की माणसाला उचलून न्यायचं तर दोघांचाही कपाळमोक्ष ठरलेला. म्हणून पाय गेल्यापासून ती वरच होती. दोन महिन्यांपूर्वी तो भंगारातून जीपची जुनी विंच, अडकलेली गाडी तारेनं ओढून काढायचं यंत्र, घेऊन आला, तेव्हा तिनं पडल्या पडल्या विचारलं होतं, “यानं मला खाली उतरवता येईल का हो?”

“बघू,” तो म्हणाला होता. मेकॅनिक माणूस; गिऱ्हाइकांनाही तो ‘बघू’च म्हणायचा. पण तिनं त्या एका शब्दावर दोन महिने काढले.

नुसते काढले नाहीत, राबून काढले. गंजलेले गिअर मांडीवरच्या टबात रॉकेलमध्ये बुडवून तिनं जुन्या टूथब्रशनं घासले, दात न् दात. वायररोपवरून फडकं फिरवलं. तार तुटली असेल तिथं फडकं अडकतं. बऱ्याचदा फडक्याआधी तिचं बोटच अडकायचं. ती “आई गं!” म्हणाली की तो लगबगीनं यायचा. “बोट काय दाखवतेस? जागा दाखव,” म्हणायचा आणि तारेवर खडूनं खूण करायचा.

मधे एकदा त्यानं तिचं वजन विचारलं. ती म्हणाली, साठ. त्या दिवसापासून ती अर्धपोटीच राहू लागली. यंत्राला आपण जड व्हायला नको.

आणि आज सकाळी तो म्हणाला, “चल, तुला लावून बघू.”

गॅलरीबाहेर डोकावणाऱ्या गर्डरला विंच बोल्टनं आवळली होती. बॅटरी जोडलेली, खुर्चीला चार पट्टे, पट्टे हुकात. तिला उचलून खुर्चीत ठेवताना तो थबकला. “अगं, हलकी झालीस की!”

“दहाएक किलो उतरले असेन,” ती लाजत म्हणाली. शाबासकी मिळेल असं तिला वाटलं होतं.

“मग आधी सांगायला काय झालं होतं? माझं गणित साठचं आहे.” तो तणतणत आत गेला आणि गाडीचा लोखंडी जॅक घेऊन आला. तिच्या मांडीवर आदळला. “धर घट्ट.”

बटण दाबल्यावर विंच घरघरली, खुर्ची उचलली गेली आणि त्यानं ती कठड्यापलीकडे ढकलून खाली सोडली. तिनं जॅक पोटाशी आवळला. भिंतीचे उडालेले पोपडे वर सरकत गेले, मग तळमजल्याची खिडकी, मग खिडकीतली, खाली राहणाऱ्या मावशीची कुंडी. मावशी स्वतः अंगणात उभी होती. तिनं सकाळपासून दोनदा अंगण झाडलं होतं. “ये गं, ये पोरी,” म्हणत तिनं हात पसरले. नळाखालच्या ओल्या मातीचा वास आला आणि खुर्चीतली ती वेड्यासारखी हसायला लागली.

वीतभर राहिलं आणि खुर्ची थांबली.

“अजून थोडं, अहो!”

“घसरतेय का?” वरून त्यानं विचारलं.

“काय?”

“खुर्ची. आपोआप खाली घसरतेय का सांग. ब्रेक धरतोय का ते बघतोय. पोतं टांगलं असतं तर पोतं बोललं नसतं.” त्यानं मनगटावरचं घड्याळ बघितलं. “दहा मिनिटं.”

“अरे, वीतभर तर राहिलंय!” मावशी कळवळली. “टेकव की तिला.”

“हात लावू नका, मावशी. लोड बदलतो.”

ती लोंबकळत राहिली. खालची माती, त्यावरच्या झाडूच्या रेघा, एक मुंगी, सगळं स्पष्ट दिसत होतं. घसर, ती मनात म्हणाली. घसर, घसर गं बाई. एवढी वीतभर घसर. पण गिअर तिनंच घासलेले होते, तार तिनंच तपासलेली होती. विंच केसभर हलली नाही. हलली ती डाव्या पायातली चप्पल. सैल होत होत निसटली आणि खाली पडली.

“झकास!” तो ओरडला आणि खुर्ची वर निघाली.

“अहो, खाली... खाली ना!”

“मग काय दिवसभर तिथंच बसणार? उद्या डोंगरात जायचंय दोस्तांबरोबर. विंच जीपला बसवायचीय अजून. तुझं बघू नंतर.”

त्यानं तिला पलंगावर टाकलं, बोल्टचे पाने गोळा केले, विंच उतरवली आणि शीळ घालत जिना उतरला. थोड्या वेळानं खाली जीपवर बोल्ट आवळल्याचा आवाज येऊ लागला.

मावशी धापा टाकत वर आली. तिच्या हातात चप्पल होती, ती तिनं उशाशी ठेवली.

तेवढ्यात खालून हाक आली. “जॅक राहिला वरच! मावशी, येताना घेऊन या जरा!”

जॅक अजून तिच्या कुशीतच होता. तिनं तो मावशीच्या हातात दिला. मग उशाशीची चप्पलही उचलून तिनं जॅकवर ठेवली.

“ही पण न्या,” ती म्हणाली. “पडली होती तिथं ठेवा. ती पोचलीय.”