न पाठवलेलं नाव

बुलढाण्यातल्या घरी समता आणि तिचा नवरा प्रसेनजित चिपच्या बोर्डाची वेगवान जोडणी जमवत होते. पाठवलेले शब्द केबलमधून त्याच बोर्डात परतायला हवे होते, पण वाटेत त्यांची मोडतोड व्हायची. उद्या बोर्ड गिऱ्हाइकाला दाखवायचा होता.

समतानं वेग जरा उतरवला, सिग्नलचा जोर वाढवला आणि दोघांची नावं पाठवली. ती संगणकाच्या पडद्यावर जशीच्या तशी परतली.

“जमलं का वं?”

“हाव, जमलं.” दोघं हसत सुटले.

तेवढ्यात खाली तिसरं नाव आलं: दीपमाला.

“हे कोन?”

समताचा हात पोटावर गेला. तिनं त्याला अजून काहीच सांगितलं नव्हतं. नाव तर सकाळीच मनात धरलं होतं.

“आपली पोरगी,” ती म्हणाली.

त्यानं तिला घट्ट जवळ घेतलं. त्याच्या खांद्यावरून तिला पडदा दिसत होता. तिथं सावकाश चौथं नाव उमटत होतं, तिनं मनातही न धरलेलं.