उचललेली टाच

आमच्या बिलियर्ड्स-पूलच्या क्लबच्या भिंतीवर या खेळातल्या दोन दिग्गजांचे फोटो आहेत. पहिले हनुवटी काठीला टेकेल इतके वाकलेत आणि मूठ अशी सैल, की हातात काठी नाही, चिमणीचं पिल्लू आहे. दुसऱ्यांनी काठी घट्ट आवळलीय आणि त्यांची डावी टाच जमिनीपासून चांगली वर उचललेली आहे. दोघांची तुलना करून क्लबचे मास्तर शेवटी एकच सांगायचे, "मूठ कुणाचीही घ्या, पण टाच दुसऱ्यांचीच. सगळी जादू तिथंच आहे."

माझ्या मेहुण्याची टाच ऐन वेळी खाली यायची. बॉल बरोबर पॉकेटात जायचा, पण मास्तर संघातून त्याचं नाव कापायचे. "दाजी, एका टाचेपायी मी घरी बसलोय हो," तो कुरकुरायचा.

परवा ते दुसरे दिग्गज स्वतःच क्लबात आले. आता चांगले म्हातारे झालेत. मेहुण्याने संधी साधली आणि मास्तरांदेखत विचारलं, "सर, तुमची ती टाच वर का असते?"

फोटोकडे बघून म्हातारबुवा खो खो हसले. "अहो, त्या दिवशी नवा बूट चावत होता! एरवी मी दोन्ही पाय टेकूनच खेळायचो."

मेहुण्याने गड जिंकल्यासारखं मास्तरांकडे पाहिलं. मास्तर फोटोजवळ जाऊन त्यातला बूट निरखू लागले. मग हळूहळू त्यांचा चेहरा उजळला.


"तरीच! उद्यापासून सगळ्यांनी एक नंबर लहान बूट घालून यायचं."