शेजारची खाट

"काय आई, आज चेहरा खुललाय!" असं म्हणत मोठे डॉक्टर खाटेच्या कडेवर टेकले, आणि शेजारच्या खाटेवरच्या म्हातारीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. डॉक्टर तिच्या पोटचा मुलगा होता आणि आई म्हणत होता भलत्याच बाईला.

ही भलती बाई शिवणकाम करायची. फुफ्फुसात पाणी झालं म्हणून आली होती आणि आता वॉर्डभर सगळ्यांशी गप्पा मारण्याइतकी बरी झाली होती. डॉक्टरांनी स्टेथोस्कोपची चकती आधी आपल्या तळहातावर घासून ऊबदार केली, मगच तिच्या पाठीला लावली. म्हातारी ते टक लावून बघत होती. घरी हा माणूस स्वतःचा चहाचा कप उचलून ठेवत नाही.

"श्वास घ्या. आणखी. शाब्बास!"

श्वास घेतला म्हणून शाब्बास! म्हातारीने कूस बदलली. आम्ही इतकी वर्षं घेतोय, आम्हाला नाही कुणी म्हणालं.

"आणि पोट साफ झालं ना, आई? काल कुरकुरत होतात."

त्याने तिचं पोटसुद्धा विचारलं.

मग तो म्हातारीच्या खाटेपाशी आला. पायथ्याशी उभा राहिला, हात अ‍ॅप्रनच्या खिशात. "यांचं तुम्ही बघताय ना?" असं चष्मेवाल्या डॉक्टरीणबाईंना विचारून त्याने आधी भिंतीकडे, मग सलाइनच्या बाटलीकडे पाहिलं. काल चक्कर आली म्हणून तिला दाखल केलं तेव्हाच त्याने सांगितलं होतं, आई, घरच्यांना आम्ही स्वतः तपासत नाही, तसा नियमच आहे. तिने मान डोलावली होती. पण नियमात बसायचं नाही, बोलायचं नाही, हेही असतं हे त्याने सांगितलं नव्हतं.

"काकू, आज काही त्रास?" डॉक्टरीणबाई तिच्यावर वाकल्या. "छातीत, हातात कुठे दुखतंय?"

दुखत होतं. पहाटेपासून डावा हात ठणकत होता आणि आता कळ वर सरकत जबड्यापर्यंत आली होती. म्हातारीने डॉक्टरीणबाईंच्या खांद्यावरून मुलाकडे पाहिलं. त्याने विचारलं असतं तर सांगितलं असतं. एक शब्द विचारायचा होता त्याने, तोही पोटाइतका अवघड नव्हता.

"नाही," ती म्हणाली. "मला कुठे काय होतंय?"

डॉक्टर पुढच्या खाटेकडे गेले. शिवणवाली इकडे वळली.

"देवमाणूस आहे हो. लग्न झालंय का यांचं?"

"झालंय."

"तुम्हाला काय माहीत?"

"ऐकलं."

"आईने काय वळण लावलंय बघा! मला काल म्हणाले, आई, तुम्ही घरी गेलात की मला वॉर्ड सुना सुना वाटेल." शिवणवालीने डोळ्यांना पदर लावला. "आता माझा मुलगा तरी असं बोलेल का?"

म्हातारीने दात आवळले. जबड्यात कळ उठली. ती तशीच कोपरावर उठून बसली.

"अहो डॉक्टर!"

सगळा वॉर्ड वळून बघू लागला. दोन खाटा पलीकडे तोही थबकला.

"आमच्याकडेही बघा की जरा. का त्यासाठी तुमची आई असावं लागतं?"

कुणीतरी फिस्सकन हसलं. डॉक्टरीणबाईंनी मान खाली घातली. तो आला. या खेपेला पायथ्याशी थांबला नाही, थेट उशाशी येऊन उभा राहिला.

"काय होतंय?"

किती वेळ याच प्रश्नाची वाट पाहिली होती. आता तो आलाच होता, तर दोन शब्द सुनवावेत असं तिच्या मनात होतं. तोंडून मात्र एवढंच निघालं, "हात दुखतोय. डावा. पहाटेपासून. आता इथे, जबड्यात."

"काकू, अहो मी आत्ताच विचारलं होतं ना!" डॉक्टरीणबाई ओरडल्याच.

"तुम्ही विचारलं होतंत," म्हातारी म्हणाली.

तो खाटेच्या कडेवर बसला आणि त्याने तिचं मनगट धरलं. नजर घड्याळाच्या काट्यावर. ओठ हलू लागले, मध्येच थांबले, पुन्हा पहिल्यापासून हलू लागले. बोटं नाडीवरून घसरत होती. डॉक्टरीणबाईंनी तोवर नर्सला ईसीजीच्या मशीनसाठी पिटाळलं होतं, गोळ्या काढल्या होत्या.

"काकू, या चावून खा. सर, पल्स किती?"

तो तिसऱ्यांदा मोजायला लागला.

"सर?"

"मला लागत नाहीये," तो म्हणाला. "तुम्ही बघा. प्लीज, तुम्ही बघा."

डॉक्टरीणबाईंनी पलीकडचा हात धरला. याने हातातलं मनगट मात्र सोडलं नाही. त्याची बोटं, मनगट, अ‍ॅप्रनची बाहीसुद्धा थरथरत होती, आणि त्या थरथरीने खाटेचा लोखंडी कठडा बारीक किणकिणत होता.

म्हातारी त्या हाताकडे बघत राहिली. गोळीची कडू चव जिभेवर पसरली होती.

"अगबाई," शिवणवाली मान उंचावून पाहू लागली, "डॉक्टरांचा हात का हो असा हलतोय?"

"गार पडतात त्याचे हात," म्हातारी म्हणाली. "लहानपणापासून."

आणि डॉक्टरीणबाईंच्या पकडीतून आपला हात सोडवून घेऊन तिने चादर वर ओढली आणि शेजारच्या खाटेवरून दिसणार नाही अशी ती त्याच्या हातावर नीट घातली.