परत घेता का?

"परत घेता का?" खुर्चीत नीट टेकायच्या आतच नवऱ्याने विचारलं.

पक्ष्यांची पैदास करून विकणाऱ्यांपैकी सकाळपासूनची ही चौथी. नवरा-बायको दोघंही मेटाकुटीला आली होती. पहिल्याने पिल्लांचे आईबाप दाखवायचं टाळलं. दुसऱ्याच्या पिंजऱ्यांचा वास फाटकापर्यंत येत होता. तिसऱ्याने डोळेही न उघडलेलं पिल्लू बायकोच्या ओंजळीत ठेवलं आणि म्हणाला, आत्ताच न्या, लळा लागेल. नवऱ्याने तिघांनाही हाच प्रश्न विचारला होता. तिघेही हसले होते.

नवरा जन्मभर विमा कंपनीत होता. घरात साधा पंखा आणायचा तरी तो परत कसा करायचा, हे तो आधी बघायचा. "माझ्या वडिलांनाही विचारलं होतंत का हो?" असं बायको म्हणायची, आणि तो खरंच आठवून बघायचा. पण या वेळी त्याचं चुकत नव्हतं. चांगला ब्रीडर पक्षी परत घेतो, असं त्याने ठिकठिकाणी वाचलं होतं.

पोपट बायकोला हवा होता. राखाडी, लाल शेपटीचा, माणसासारखा बोलणारा. मुलगी नोकरीसाठी लांब गेल्यापासून तिला घर खायला उठत होतं. नवरा होता, पण तो बोलण्यातला नव्हता. ती कुकरशी बोलायला लागली तेव्हा तोच म्हणाला, बघू या पोपटाचं. आज निघताना मात्र त्याने बजावलं होतं, चौथ्या ठिकाणीही जमलं नाही तर विषय बंद.

समोरची बाई साठीची होती. बोटांना चिकटपट्ट्या होत्या.

"घेते," ती म्हणाली. "कधीही आणा. कारण विचारत नाही."

दिवसभरात पहिल्यांदाच नवऱ्याचा चेहरा सैल झाला. "मग पिल्लं दाखवा."

"पिल्लं नाहीत. जोडी लावणंच सोडलंय मी." ती गुडघ्यांवर हात टेकत उठली. "या, का ते दाखवते."

मागच्या खोलीत भिंतीला लागून मोठमोठे, स्वच्छ पिंजरे होते. एक पोपट फोनसारखा वाजत होता. दुसरा कुणा पुरुषाच्या आवाजात "आलीस का?" असं पुन्हापुन्हा विचारत होता. कोपऱ्यातल्याने छातीची सगळी पिसं स्वतःच उपटून काढली होती.

"हे सगळे परत आलेले," बाई म्हणाली. "फोनवाल्याच्या घरी बाळ झालं. या 'आलीस का'वाल्याच्या घरची दोघं वेगळी झाली. कोपऱ्यातल्याने शेजाऱ्यांची झोप उडवली. शब्द दिलाय, तो मोडवत नाही. आणि आता जागा उरली नाही."

तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती. ती नुसती दमलेली होती.

बायको कोपऱ्यातल्या पिंजऱ्यासमोर बसली. "काय रे, एवढा कसला राग?" पोपटाने पाठ फिरवली. ती बोलत राहिली. मुलीचं सांगितलं, कुकरचंही सांगितलं. हळूहळू त्याने मान कलती केली.

"लोक नीट विचार न करता घेतात," नवरा म्हणाला. "आधी चौकशी करायला नको?"

"करतात ना, साहेब. पुढे परत आणून सोडणाऱ्या प्रत्येकाने नेताना विचारलं होतं, परत घेता का म्हणून. ज्यांनी ते विचारलं नाही, त्यांचे पोपट अजून त्यांच्याच घरी आहेत."

बायकोचं बोलणं थांबलं. विषय बंद, हे तिला कळलं. ती उठली आणि पर्स खांद्याला लावली.

नवऱ्याने सवयीने तोंड उघडलं आणि मिटलं. मग तो पिंजऱ्याजवळ गेला. त्या उघड्या छातीकडे बराच वेळ बघून त्याने बाईला विचारलं,

"हा खातो काय?"