भोसल्यांची आमटी

बंगालमधल्या खिदिरपूरच्या गोदीतले मराठी कारकून कालिंदीबाईंकडे जेवायला असत. पंगतीत नवा माणूस दिसला, की श्यामरावांना चेव यायचा. "ही दाट आमटी थेट भोसल्यांच्या मुदपाकखान्यातली बरं का! त्यांची फौज बंगालवर चालून आली, तेव्हा आचाऱ्यानं वाटेत शोधून काढली." आठ वर्षं कालिंदीबाई हे ऐकत होत्या. हो म्हणायचं नाही की नाही म्हणायचं नाही. वाकून वाढत राहायचं.

आज मात्र नवा आलेला शशिकांत ताट ठेवायला स्वयंपाकघरात आला. "मावशी, खरंच भोसल्यांची?"

"कसली रे भोसल्यांची! त्रेचाळीसच्या दुष्काळातली आहे. डाळ पुरेना, म्हणून एक दिवस भात वेळून निघालेली पेज आमटीत ओतली. सगळ्यांना फार आवडली, मग रोजच ओतायला लागले."

"मग सांगत का नाही त्यांना? एवढी युक्ती तुमची!"

कालिंदीबाई भिंतीला टेकून बसल्या.

"तोवर ती पेज दाराशी येणाऱ्या एका बाईला जायची. कडेवर पोर असायचं. भात कधी मागितला नाही रे तिनं. पेज आमटीत जायला लागल्यावर चारच दिवस आली."