मागून म्हणा

“‘शो’ नाही, काकू, ‘यो’. ‘यो’ म्हणजे मी,” मी पुन्हा बजावलं. माझं स्पॅनिश माद्रिदचं. वर्गात मी म्हणायचं आणि सगळ्यांनी मागून म्हणायचं, हा नियम. बेंद्रेकाकू मात्र हट्टाने ‘शो’च म्हणत.

“कुणी शिकवलं हे?” मी वैतागून विचारलं.

त्यांनी मोबाइलवर रेकॉर्डिंग लावलं. अर्जेंटिनातला त्यांचा मुलगा लेकीला स्पॅनिशमध्ये गोष्ट सांगत होता. तोही ‘शो’च म्हणत होता. तिकडे असंच बोलतात, हे मला ठाऊक होतं. तरी मी ते चूक ठरवलं होतं.

“मागच्या वर्षी गेला तो,” काकू म्हणाल्या. “नातीला मराठी येत नाही. त्याची अर्धी राहिलेली गोष्ट तिला त्याच्यासारखीच सांगायचीय.”

मी फळ्यावरचा ‘यो’ पुसला.

“म्हणा, काकू,” मी म्हटलं. “आम्ही मागून म्हणतो.”