डोहाची चोळी

सुपात एक नारळ, पाच सुपाऱ्या, बारा हिरव्या बांगड्या, पावशेर तांदूळ आणि शिवलेली एक हिरवी चोळी होती. शिवानीनं दोनदा मोजलं. त्यातलं काहीच तिच्यासाठी नव्हतं.

ती तेजश्रीची ओटी होती. तेजश्री उदयसिंहची पहिली बायको. सहा वर्षांपूर्वी ओढ्याच्या डोहाकाठी तिच्या चपला सापडल्या, ती सापडली नाही. तेव्हापासून दर चैत्र अमावस्येला उदयसिंह एकटाच जाऊन डोहात ओटी सोडायचा. डोह घरापासून दहा मिनिटांवर. सकाळी गेलेला तो दिवेलागणीला परतायचा. इतका वेळ तो तिच्यापाशी बसतो, हेच शिवानीला सर्वांत जास्त लागायचं.

शिवानी बी.एस्सी. झालेली. बुडालेलं माणूस दोन-तीन दिवसांत वर येतं, असं तिनं सासूला सांगून पाहिलं होतं.

"हितं न्हाय येत गं," विठाबाई म्हणाली. "भात्तरच्या दुष्काळात समद्या हिरी आटल्या, ह्यो डोह न्हाय आटला. सात बाजांचं सुंभ जोडून सोडलं, तळ लागला न्हाय. पाण्यातल्या आसरांनी नेलेली बाई त्यांचीच. तिच्या मापाची चोळी सोडायची, न्हायतर ती घरातल्या बाईला छळती."

छळ तर चालूच होता. लग्नाला दोन वर्षं झाली, उदयसिंहनं शिवानीचं माप कधी विचारलं नव्हतं. तेजश्रीचं त्याला पाठ होतं, छाती चौतीस. नवी पेठेतल्या शिंप्याकडून तो स्वतः चोळी शिवून आणायचा. मलाही अशीच एक शिवा की, असं शिवानी एकदा म्हणाली.

"तुला हायत की चार," तो म्हणाला. "तिला वर्षातनं एकच."

आज तो म्हशींना पाणी दाखवायला गेला तेव्हा शिवानीनं सुईदोरा घेतला. दोन्ही कुशींच्या शिवणी आत घेतल्या. टेप लावली. बत्तीस. मग घडी होती तशीच घातली. मेलेल्या बाईवर राग काढल्याची तिला लाजही वाटली.

दिवे लागले तेव्हा तो रिकामं सूप घेऊन आला.

"गेली का तळाला?" तिनं विचारलं.

"गेली," तो म्हणाला आणि हातपाय धुवायला वळला.

पुढच्या चैत्रात, अमावस्येच्या आठ दिवस आधी, धुवायला काढलेल्या शर्टच्या खिशात तिला शिंप्यासाठी लिहिलेली चिठ्ठी सापडली. अक्षर उदयसिंहचं होतं.

'छाती चौतीसच ठेवा. मागची चोळी दोन इंच घट्ट झाली.'